‘कमांड नॉट फाउंड’ : इन्स्टॉल केलेला प्रोग्रॅम गेला कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची जी मुलं कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा घरच्या सेकंडहँड लॅपटॉपवर कमांड लाइनवर काम करायला लागली आहेत, त्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द वेगवेगळे असतात, तक्रार एकच: ‘इन्स्टॉल तर केलं भो, मग चालत का नाही?’ लिनक्सची उत्तरं आधी आहेत, विंडोजची नंतर. मॅक आणि मोबाइलचं थोडक्यात आटोपलं आहे.

वाचण्याआधी एक सूचना. आज्ञा इथे आपण लॅबमध्ये शेजारच्याला तोंडी सांगतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान. ‘पाथ’ आणि ‘होम’ ही दोन व्हेरिएबल्स मात्र पूर्ण कॅपिटलमध्ये.

‘कमांड नॉट फाउंड’ आलं म्हणजे प्रोग्रॅम इन्स्टॉलच झाला नाही का?

तसं नाही. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की शेलने, म्हणजे तुमची आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, ज्या फोल्डरांमध्ये पाहिलं तिथे त्या नावाची फाइल नव्हती. शेल अख्खी डिस्क धुंडाळत बसत नाही. ‘पाथ’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये काही फोल्डरांची यादी असते, त्या यादीत डावीकडून उजवीकडे पाहतो, पहिली जुळणारी फाइल चालवतो आणि थांबतो. यादी संपली की हात वर करतो. ही पद्धत जुनी आहे. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे बॉर्न शेलपासून, ती जवळपास तशीच चालत आली आहे.

एसटीची पाटी डोळ्यांसमोर आणा: जळगाव, धरणगाव, अमळनेर. तुमचे मामा चोपड्याला घरीच आहेत, पण ही गाडी तिकडे जाणार नाही. मामा हरवलेले नाहीत. एकतर चोपड्याची गाडी पकडा (फाइलचा पूर्ण पत्ता द्या), नाहीतर पाटीवर चोपडा लिहून घ्या (फोल्डर पाथमध्ये घाला). पुढची बहुतेक उत्तरं या दोनपैकी एकाची आहेत.

म्हणून पहिला सल्ला हाच, की लगेच पुन्हा इन्स्टॉल करू नका. सातपुड्याच्या पायथ्याशी बसून दिवसाचा डेटा त्याच फाइलवर दुसऱ्यांदा घालवायचा आणि शेवटी तोच एरर बघायचा, याला काही अर्थ नाही. शिवाय दुसऱ्यांदा इन्स्टॉल केलेली प्रत दुसऱ्याच फोल्डरात गेली, तर गुंता वाढतो.

माझ्या पाथमध्ये काय आहे ते कसं बघायचं?

इको $पाथ

लिनक्सवर फोल्डर कोलनने वेगळे केलेले असतात. एका लांबलचक ओळीत ते वाचताना डोळे फिरतात, त्यामुळे ओळी तोडून घ्या:

इको $पाथ | टीआर ':' '\एन'

साध्या उबुंटूवर /यूएसआर/लोकल/बिन, /यूएसआर/बिन, /बिन, /स्नॅप/बिन असे फोल्डर दिसतील. सीडॅकच्या बॉस लिनक्सवरही चित्र फार वेगळं नसतं, कारण उबुंटूसारखा तोही डेबियन या लिनक्सवरच बेतलेला आहे. यादीत एखाद्या ठिकाणी दोन कोलन लागोपाठ असतील किंवा शेवटी सुटा कोलन असेल, तर ती चूक दुरुस्त करा. रिकामी जागा म्हणजे ‘मी आत्ता उभा आहे तो फोल्डर’ असा शेल अर्थ लावतो. त्यात धोका काय, ते खाली आहे.

‘विच’ वापरू की ‘टाइप’? सर एक सांगतात, यूट्यूबवर दुसरंच असतं.

बॅशमध्ये (लिनक्सवरचा नेहमीचा शेल) ‘टाइप’ वापरा, तेही -ए लावून:

टाइप -ए पायथन३

‘विच’ बहुतेक ठिकाणी स्वतंत्र प्रोग्रॅम असतो. तो पाथमधल्या फाइली बघतो, पण तुमच्या शेलच्या पोटात काय आहे ते त्याला कळत नाही. एलियास (आज्ञांची टोपणनावं), फंक्शन, शेलच्या अंगच्या आज्ञा त्याला दिसत नाहीत. ठळक उदाहरण एनव्हीएमचं. नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आवृत्त्या सांभाळणारं हे साधन म्हणजे मुळात एक शेल फंक्शन आहे. ‘विच एनव्हीएम’ विचारलं तर काहीच मिळत नाही आणि माणूस समजतो की इन्स्टॉल फसलं. ‘टाइप एनव्हीएम’ विचारलं की अख्खं फंक्शन समोर येतं.

स्क्रिप्टमध्ये तपासायचं असेल तर ‘कमांड -व्ही’ वापरा, ते पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकात आहे. ‘व्हेअरइज’ थोडं वेगळं काम करतं. ते पाथखेरीज काही ठरलेल्या जागा आणि मॅन्युअलची पानंही बघतं. विचारून बघायला हरकत नाही, पण घरच्या फोल्डरात खोल दडलेलं त्याला सापडणार नाही.

‘टाइप -ए’ने /यूएसआर/बिन आणि /बिन अशा दोन जागा दाखवल्या तर घाबरू नका. हल्लीच्या उबुंटू-डेबियनवर /बिन हा /यूएसआर/बिनकडे बोट दाखवणारा दुवा असतो. फाइल एकच असते.

यांपैकी कशानेच सापडलं नाही. आता?

आता पॅकेज मॅनेजरला, म्हणजे प्रोग्रॅम टाकणाऱ्या-काढणाऱ्या साधनाला, विचारा, कारण कोणती फाइल कुठे ठेवली याची नोंदवही त्याच्याकडे असते. डेबियन, उबुंटू, बॉस यांवर:

डीपीकेजी -एल पॅकेजचंनाव | ग्रेप बिन/

इथे ‘एल’ कॅपिटल हवा. लहान ‘एल’ टाकलात तर पॅकेज बसलं आहे की नाही एवढंच कळेल, फाइलींची यादी मिळणार नाही. फेडोरा वगैरेंवर याच कामाला ‘आरपीएम -क्यूएल’, आणि आर्चवर ‘पॅकमॅन -क्यूएल’, त्यातला क्यू कॅपिटल.

या एका आज्ञेने निम्म्या तक्रारी मिटतात, कारण बऱ्याचदा प्रोग्रॅम पाथमध्येच असतो, फक्त त्याचं नाव तुम्हाला वाटतं ते नसतं. डेबियन आणि उबुंटूवर ‘बॅट’ हे पॅकेज टाकलं की आज्ञा मिळते ‘बॅटकॅट’. ‘एफडी-फाइंड’ टाकलं की मिळते ‘एफडीफाइंड’. त्या छोट्या नावांवर आधीच दुसऱ्या पॅकेजांचा हक्क होता, म्हणून ही नावं बदलली. पायथनचंही तसंच. उबुंटूवर ‘पायथन३’ असतं, नुसतं ‘पायथन’ नसतं. ते हवं असेल तर ‘पायथन-इज-पायथन३’ नावाचं पॅकेज टाकायचं, नाहीतर तीन लिहायची सवय लावायची. मी म्हणेन, सवय लावा.

उलट दिशेनेही विचारता येतं. ही फाइल कोणत्या पॅकेजाची? ‘डीपीकेजी -एस’ आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता, ‘एस’ कॅपिटल.

‘जावा’ चालतं, पण ‘जावासी’ सापडत नाही. हाही पाथचाच घोळ का?

बहुधा नाही. इथे प्रोग्रॅम खरोखरच आलेला नसतो. जावा चालवायला लागतं ते जेआरई, कंपाइल करायला लागतं ते जेडीके, आणि ‘जावासी’ फक्त जेडीकेमध्ये असतं. उबुंटूवर ‘डिफॉल्ट-जेआरई’ टाकलं असेल तर ‘डिफॉल्ट-जेडीके’ टाका. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री पाथमध्ये दहा ओळी घालून काही होणार नाही.

अख्ख्या डिस्कवर शोधायचं असेल तर?

दोन रस्ते आहेत. ‘लोकेट’ आधीच तयार करून ठेवलेल्या यादीत बघतं, म्हणून क्षणात उत्तर देतं. पण ती यादी साधारण दिवसातून एकदाच ताजी होते. आत्ता टाकलेला प्रोग्रॅम त्यात नसणारच. आधी ‘सुडो अपडेटडीबी’ (‘सुडो’ म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) चालवा, मग विचारा.

दुसरा रस्ता ‘फाइंड’चा. हळू आहे, पण जे आहे ते दाखवतो:

फाइंड / -नेम 'जावासी*' २>/डेव्ह/नल

शेवटच्या तुकड्याने ‘परमिशन डिनाइड’च्या शेकडो ओळी गिळल्या जातात. आकडा अर्थात इंग्रजी. नावाभोवतीची अवतरणं विसरू नका, नाहीतर तारांकन शेलच आधी खाऊन टाकतो. ‘-टाइप एफ’ लावा असं बरेच जण सांगतात. मी सुरुवातीला लावत नाही, कारण बिन फोल्डरांतल्या कितीतरी आज्ञा म्हणजे सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे) असतात आणि ‘-टाइप एफ’ त्या सरळ वगळतं. दुवा मिळाला की तो शेवटी कुठे पोचतो ते ‘रीडलिंक -एफ’ सांगतं.

जुन्या हार्ड डिस्कवर याला वेळ लागतो. आधी /ऑप्ट, /यूएसआर/लोकल आणि स्वतःचं होम (तुमच्या यूजरनेमचा फोल्डर) एवढंच धुंडाळा. हाताने टाकलेल्या गोष्टी बहुतेक तिथेच असतात.

पिप, एनपीएम, कार्गो यांनी टाकलेले प्रोग्रॅम कुठे जातात?

प्रत्येकाची आपली वेगळी जागा आहे, आणि घोळ खरा तिथेच होतो.

पायथनच्या ‘पिप’ने सुडोशिवाय, फक्त स्वतःसाठी टाकलं तर होममधल्या .लोकल/बिन या फोल्डरात. टाकताना पिवळ्या अक्षरांत एक इशारा येतो, की स्क्रिप्ट अमुक ठिकाणी ठेवली आहे आणि ते ठिकाण पाथवर नाही. हा इशारा कुणीच वाचत नाही, आणि उत्तर नेमकं त्यातच असतं. ओळ वर सरकून गेली असेल तर ‘पायथन३ -एम साइट --यूजर-बेस’ विचारा आणि जे येईल त्यापुढे /बिन जोडा. कित्येकदा पाथच्या भानगडीत न पडताही काम होतं. ‘पायटेस्ट’ सापडत नसेल तर ‘पायथन३ -एम पायटेस्ट’ लिहा. कोणत्या पायथनचं पायटेस्ट चाललं, हा प्रश्नही त्यातच मिटतो.

नव्या डेबियन-उबुंटूवर पिप ‘एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’ म्हणून अडून बसतं. तिथे जबरदस्ती करू नका. ‘व्हेनव्ह’, म्हणजे त्या कामापुरतं वेगळं पायथन, बनवा. त्यातले प्रोग्रॅम त्या व्हेनव्हच्या बिन फोल्डरात राहतात आणि तो चालू केल्यावरच पाथवर येतात. उद्या नवं टर्मिनल उघडल्यावर ‘काल तर चालत होतं’ असं वाटलं तर तो चालू आहे का ते आधी बघा.

नोडच्या एनपीएमला विचारा ‘एनपीएम प्रीफिक्स -जी’. लिनक्सवर उत्तरापुढे /बिन जोडायचं, विंडोजवर तोच फोल्डर. रस्टचं कार्गो होममधल्या .कार्गो/बिनमध्ये ठेवतं. गो भाषेचे प्रोग्रॅम ‘गो एन्व्ह गोपाथ’ने मिळालेल्या फोल्डराच्या बिनमध्ये, यातला ‘गोपाथ’ कॅपिटलमध्ये. रुबीसाठी ‘जेम एन्व्हायर्न्मेंट’. स्नॅपचे /स्नॅप/बिनमध्ये असतात. फ्लॅटपॅकचे मात्र बहुतेक ‘फ्लॅटपॅक रन’ने चालवायचे, त्यांना साध्या नावाने हाक मारून उपयोग नाही.

फोल्डर सापडला. तो पाथमध्ये कायमचा कसा घालू?

आधी तात्पुरता घालून बघा:

एक्स्पोर्ट पाथ="$होम/.लोकल/बिन:$पाथ"

हे फक्त याच खिडकीपुरतं. जमलं, तर हीच ओळ होममधल्या .बॅशआरसी फाइलच्या शेवटी घाला आणि नवी खिडकी उघडा.

बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. अवतरणाच्या आत ~ हे चिन्ह लिहायचं नाही, $होम लिहायचं. बॅश एखाद वेळी खपवून घेतो, बाकीचे प्रोग्रॅम घेत नाहीत. आणि शेवटचं :$पाथ विसरायचं नाही. ते विसरलात की जुनी यादी पुसली जाते आणि ‘एलएस’सुद्धा सापडेनासं होतं. तसं झालंच तर कॉम्प्युटर फॉरमॅट करायची गरज नाही. /बिन/नॅनो असा पूर्ण पत्ता देऊन .बॅशआरसी उघडा आणि ओळ सुधारा. पूर्ण पत्ता दिला की शेल पाथकडे बघतच नाही.

नवा फोल्डर पुढे घालायचा की मागे? पुढे घातला तर त्यातला प्रोग्रॅम सिस्टिमच्या त्याच नावाच्या प्रोग्रॅमवर मात करतो. नवी आवृत्ती मुद्दाम हवी असेल तर पुढे, नाहीतर मागे.

.बॅशआरसी की .प्रोफाइल?

टर्मिनलची प्रत्येक नवी खिडकी .बॅशआरसी वाचते. .प्रोफाइल लॉगिन करताना एकदा वाचली जाते. उबुंटूच्या .प्रोफाइलमध्ये .लोकल/बिन पाथवर घालायची ओळ आयतीच असते, पण अट अशी, की तो फोल्डर लॉगिनच्या वेळी अस्तित्वात हवा. आज पिपने तो पहिल्यांदा बनवला असेल तर आज तो पाथवर नसतो. लॉगआउट करून परत आलात की आपोआप असतो. ‘रीस्टार्ट केल्यावर चालायला लागलं’ म्हणतात त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

एक खोच आहे. होममध्ये .बॅश_प्रोफाइल नावाची फाइल असेल तर बॅशचा लॉगिन शेल .प्रोफाइलकडे ढुंकूनही बघत नाही. एखादा इन्स्टॉलर ती गुपचूप बनवून जातो आणि आदल्या दिवशीपर्यंत चालणाऱ्या आज्ञा गायब होतात.

माझ्या नावाने चालतं, सुडो लावलं की सापडत नाही. का?

सुडो बहुतेक ठिकाणी तुमचा पाथ बाजूला ठेवतो आणि ‘सिक्युअर पाथ’ ही स्वतःची ठरलेली यादी वापरतो. तुमचं .लोकल/बिन त्यात नसतं. हे मुद्दामच केलेलं आहे. पूर्ण पत्ता द्या: ‘सुडो’, पुढे जागा, पुढे /होमपासूनचा पत्ता. पण आधी विचार करा, सुडो खरंच लागतंय का?

डेबियनवर उलटंही होतं. ‘एसयू’ करून रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) झालात आणि ‘यूजरमॉड’ सापडत नाही. २०१९ मधल्या डेबियन १० पासून नुसतं ‘एसयू’ तुमचाच जुना पाथ पुढे चालवतं, आणि त्यात /यूएसआर/एसबिन नसतो. ‘एसयू’नंतर जागा सोडून एक उणे चिन्ह लिहा.

क्रॉनमध्ये लावलेली स्क्रिप्ट रात्री चालतच नाही.

क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय, तुमची .बॅशआरसी वाचत नाही. डेबियन-उबुंटूवर त्याचा पाथ /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहा. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलच्या) वरच्या ओळीतही पाथ देता येतो, पण तिथे $होम किंवा $पाथ लिहिलं तर ते उलगडत नाही, जसंच्या तसं राहतं. सगळे फोल्डर उघडपणे लिहावे लागतात.

फाइल डोळ्यांनी दिसतेय, पूर्ण पत्ताही दिला, तरी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’!

हा सगळ्यात चिडवणारा एरर. फाइल आहे, पण तिला चालवणारा नाही.

स्क्रिप्टची पहिली ओळ # आणि ! या दोन चिन्हांनी सुरू होते आणि पुढे कोणत्या प्रोग्रॅमने ती चालवायची याचा पत्ता असतो. तो पत्ता चुकीचा असेल तर हा एरर येतो. स्क्रिप्ट विंडोजवर नोटपॅडमध्ये लिहिलेली असेल तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जास्तीचं अक्षर चिकटलेलं असू शकतं. मग लिनक्स /बिन/बॅश न शोधता ‘/बिन/बॅश अधिक ते अक्षर’ शोधतो, आणि असं काही नसतंच. ‘कॅट -ए’ करून बघा, इथे ‘ए’ कॅपिटल. ओळीअंती ^एम$ दिसलं तर निदान पक्कं. ‘डॉस२युनिक्स’ चालवा, काम झालं. पेनड्राइव्हवरून लॅब ते घर आणि घर ते लॅब फिरणाऱ्या असाइनमेंटांमध्ये हे हमखास आढळतं.

स्क्रिप्ट नसून तयार प्रोग्रॅम असेल, तर तो ३२ बिटचा आहे का ते ‘फाइल’ या आज्ञेने बघा. ६४ बिटच्या सिस्टिमवर त्याचा लोडर (तो सुरू करून देणारा प्रोग्रॅम) नसला तरी असाच एरर येतो.

‘परमिशन डिनाइड’ वेगळं. तिथे फाइल सापडलेली असते, फक्त चालवायची परवानगी नसते. ‘सीएचमॉड +एक्स’ करा. स्क्रिप्टमध्ये फरक ओळखायचा असेल तर लगेच ‘इको $?’ विचारा. १२७ म्हणजे सापडलं नाही, १२६ म्हणजे सापडलं पण चालवता आलं नाही.

नवी आवृत्ती टाकली, तरी जुनीच चालते.

‘टाइप -ए’ने दोन्ही जागा बघा. जी वर आहे ती चालते. वरची नवीच असेल आणि तरीही शेल जुन्या पत्त्यावर जात असेल, तर ‘हॅश -आर’ टाइप करा. बॅश एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतो. या आज्ञेने तो विसरतो.

इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली. आता काय करू?

उन्हाळ्यात आपल्याकडे हे चालायचंच. लिनक्सवर अर्धवट राहिलेलं काम असं पूर्ण करा:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

त्यानंतर ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’. मगच प्रोग्रॅम शोधायला लागा. हे केल्याशिवाय पाथ तपासणं व्यर्थ आहे, कारण फाइली अजून जागेवर आलेल्याच नसतील.

विंडोजवर कसं शोधायचं?

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर जावासी’. पाथबाहेर शोधायचं असेल तर ‘व्हेअर /आर’, मग फोल्डर, मग फाइलचं नाव. पॉवरशेलमध्ये मात्र ‘व्हेअर’ हे दुसऱ्याच आज्ञेचं टोपणनाव आहे. ते काहीच न बोलता गप्प बसतं आणि आपल्याला वाटतं प्रोग्रॅम नाही. तिथे ‘व्हेअर.ईएक्सई’ असं पूर्ण लिहा, किंवा ‘गेट-कमांड जावासी -ऑल’ वापरा.

फोल्डर घालायला स्टार्ट मेनूत ‘एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स’ शोधा. वर तुमचा स्वतःचा पाथ असतो, खाली सिस्टिमचा. लॅबच्या मशीनवर ॲडमिनचा पासवर्ड नसतो, पण वरचा बदलायला तो लागत नाही. ‘एडिट’, मग ‘न्यू’, मग फोल्डरचा पत्ता. फाइलचा नाही, फोल्डरचा. पत्त्याच्या शेवटी ‘जावासी.ईएक्सई’ चिकटवणारे खूप भेटतात. फोल्डरच्या नावात जागा असली तरी या खिडकीत अवतरणं लागत नाहीत. कमांड प्रॉम्प्टमध्ये पूर्ण पत्ता देऊन चालवताना मात्र लागतात.

सगळं ‘ओके’ करून झालं की कमांड प्रॉम्प्ट बंद करून नव्याने उघडा. प्रत्येक प्रोग्रॅमला पाथची प्रत सुरू होतानाच मिळते, उघड्या खिडकीला नवा बदल कळत नाही. व्हीएस कोडमधलं टर्मिनल वापरत असाल तर अख्खा व्हीएस कोड बंद करून उघडा.

‘सेटएक्स’ने एका ओळीत होतं म्हणतात.

होतं, पण करू नका. ‘सेटएक्स’ १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकतं. शिवाय नेहमी सांगितली जाते ती ओळ सिस्टिमचा आणि तुमचा असे दोन्ही पाथ एकत्र करून तुमच्या पाथमध्ये ओतते. पाथ लांब असेल तर शेपूट गेलंच, आणि कोणता फोल्डर कुठला होता हे नंतर कुणालाच कळत नाही.

‘पायथन’ टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं.

विंडोजने त्या नावाची एक खोटी फाइल पाथवर ठेवलेली असते. सेटिंग्जमध्ये ‘ॲप एक्झिक्युशन एलियासेस’ शोधा आणि पायथनसमोरची दोन्ही बटणं बंद करा. मूळ कारण बहुतेक वेळा हे असतं, की इन्स्टॉल करताना पहिल्याच पडद्यावर खाली ‘ॲड पायथन टू पाथ’ची चौकट असते आणि तिच्यावर टिक आपणहून करावी लागते. ती राहून गेली असेल तर ‘पीवाय’ ही आज्ञा करून बघा. ‘पीवाय’पुढे उणे चिन्ह, शून्य आणि पी लिहिलं की बसलेले सगळे पायथन त्यांच्या पत्त्यांसह दिसतात.

विंडोजमध्ये माझं यूजरनेम मराठीत आहे. त्याने बिघडतं का?

पाथ स्वतः बिघडत नाही. पण युजर्स फोल्डरात देवनागरी नाव किंवा नाव-आडनावामधली जागा असेल तर काही जुनी साधनं, खासकरून मेकफाइल आणि सी-सी++ची, तिथे अडखळतात. अशा साधनांना सी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाचा, जागा नसलेला फोल्डर द्या.

डब्ल्यूएसएलमध्ये ‘एनपीएम’ चालतं, पण विचित्र एरर देतं.

‘टाइप -ए एनपीएम’ करा. पत्ता /एमएनटी/सीने सुरू होत असेल तर चालतंय ते विंडोजचं एनपीएम. डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स, विंडोजचा पाथ आपल्या पाथच्या मागे जोडतो. लिनक्सच्या आत वेगळा नोड टाका.

मॅक?

आपल्याकडे कमीच, म्हणून थोडक्यात. २०१९ मधल्या कॅटालिनापासून नेहमीचा शेल झेडएसएच आहे, तेव्हा ओळ .झेडएसएचआरसीमध्ये घाला. होमब्रू हा पॅकेज मॅनेजर इंटेलच्या मॅकवर /यूएसआर/लोकलमध्ये बसतो, ॲपलच्या चिपवर /ऑप्ट/होमब्रूमध्ये. ‘ब्रू --प्रीफिक्स’ विचारलं की कळतं. ‘ब्रू’च सापडत नसेल तर या दोन ठिकाणच्या बिन फोल्डरात स्वतः जाऊन बघा.

लॅपटॉप नाही, मोबाइलवर टरमक्स वापरतो. तिथे?

टरमक्स म्हणजे अँड्रॉइडवरचं टर्मिनल. चांगलं चालतं. फक्त तिथे /यूएसआर/बिन नसतो. सगळं $प्रीफिक्स या व्हेरिएबलच्या फोल्डरात असतं, तेही कॅपिटलमध्ये. म्हणून लॅबमधली स्क्रिप्ट जशीच्या तशी आणून थेट चालवली तर पहिल्या ओळीतला पत्ता जुळेलच असं नाही. ‘टरमक्स-फिक्स-शिबँग’ आणि पुढे फाइलचं नाव, एवढं केलं की पत्ता सुधारतो. किंवा सरळ ‘बॅश’ लिहून पुढे फाइल द्या.

पाथमध्ये नुसता टिंब घातला तर ./ लिहायची कटकट वाचेल ना?

वाचेल, पण घालू नका. टिंब म्हणजे चालू फोल्डर. लॅबच्या सामायिक फोल्डरात कुणी ‘एलएस’ नावाची खोडसाळ स्क्रिप्ट ठेवली आणि टिंब यादीत पुढे असला, तर तुम्ही ‘एलएस’ केलंत की ती स्क्रिप्ट तुमच्या नावाने चालते. टिंब शेवटी ठेवला तरी टंकताना चुकलेल्या नावांचा धोका राहतोच. विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट चालू फोल्डर आधी बघतो, पॉवरशेल बघत नाही. म्हणूनच एकीकडे चालणारं दुसरीकडे चालत नाही.

तरीही जमलं नाही. मदत मागताना काय पाठवू?

मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो नको. टर्मिनलमधला मजकूर कॉपी करून पाठवा: कोणती सिस्टिम, काय टाइप केलं, आलेला एरर शब्दशः, ‘इको $पाथ’चं उत्तर आणि ‘टाइप -ए’चं उत्तर. विंडोज असेल तर ‘व्हेअर’चं. प्रोग्रॅम नेमका कशाने टाकला तेही लिहा, एपीटीने, पिपने, की वेबसाइटवरची झिप उतरवून. झिप असेल तर ती कुठे उघडली होती ते आठवून बघा. डाउनलोड्स फोल्डर आधी तपासा, दहातल्या बऱ्याच जणांची ती तिथेच असते.